महाग शांपूचा निकाल

गजभियेसाहेबांच्या डोक्यावर एकही केस नव्हता आणि त्यांच्या न्हाणीघरात अकरा शांपू होते.

हे ऐकीव सांगत नाही. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये ते तळमजल्यावर आणि आम्ही त्यांच्या डोक्यावर. उन्हाळ्यात वर पाणी चढायचं नाही, म्हणून मी बादली घेऊन त्यांच्या न्हाणीघरात जायचो. तिथे खिडकीच्या कठड्यावर अकरा बाटल्या ओळीने उभ्या होत्या. सगळ्या पांढऱ्या, एकाच मापाच्या, आणि प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून पेनाने एकेक अक्षर लिहिलेलं, अ, ब, क असं. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "शांपू." मी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"तुमचे केस चांगले दाट आहेत, देशपांडेजी," ते म्हणाले. "रविवारी काय करताय?"

अशी आमची ओळख वाढली. म्हणजे नुसती तोंडओळख त्याआधीचीच होती, आणि तिची आठवण मला आजही नकोशी वाटते. ते राहायला आले त्या दिवशी मी शेजारधर्म म्हणून चहाला बोलावलं आणि विचारलं, "गजभिये म्हणजे तुम्ही कुठले?" ते म्हणाले, "भंडाऱ्याकडचे." मी म्हटलं, "नाही, म्हणजे मूळ?" त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "मूळही भंडाराच, जी." चहा चांगला झालाय म्हणाले आणि गेले. आपण काय विचारत होतो आणि त्यांना ते किती लवकर कळलं, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

ते एका सरकारी प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ होते. तेल, साबण, रंग, काय वाटेल ते तपासणीला यायचं. पण येताना त्यावर कंपनीचं नाव नसायचं. वेगळ्या खोलीतला एक कारकून नाव झाकून वर नुसता आकडा घालायचा आणि मग तो नमुना टेबलावर यायचा. "पहिल्याच दिवशी मला ती जागा आवडली," ते एकदा म्हणाले होते. "कोणाचा माल आहे, कुठून आला, कोणी विचारत नाही. आत काय आहे तेवढंच बघायचं." तिथूनच त्यांचं ते पालुपद आलं होतं. राजकारण असो, क्रिकेट असो, बाजारातली भेंडी असो, कोणी कशाची तारीफ केली की गजभियेसाहेब हात वर करून म्हणायचे, "नाव झाका जी, मग बोला."

आता शांपूबद्दल. तोवर आपल्याकडे शिकेकाई होती, अंगाचाच साबण डोक्याला लावणारे माझ्यासारखे आळशी होते, आणि दुकानात दोन-तीन शांपू असायचे. मग टीव्हीवर चॅनेल वाढले आणि बघता बघता मार्केटमधल्या दुकानात एक अख्खी भिंत शांपूची झाली. कोरड्या केसांचा वेगळा, तेलकट केसांचा वेगळा, कोंड्याचा, रंगवलेल्या केसांचा, गळणाऱ्या केसांचा. ज्याला नुसतेच केस आहेत अशा माणसाला त्या भिंतीवर काही उरलं नव्हतं. सगळ्यात खालच्या फळीवर रुपयाच्या पुड्यांची माळ लोंबायची आणि सगळ्यात वर काचेआड परदेशी बाटल्या. खालच्या फळीपासून वरच्या फळीपर्यंत जे पैसे वाढतात ते नेमके कशाचे, हा प्रश्न गजभियेसाहेबांना पडला आणि त्यांनी तो सोडला नाही.

"बाटलीत बहुतेक पाणीच असतं," ते सांगायचे. "फेस येणारा माल सगळ्यांचा जवळजवळ एकच. घट्ट व्हावं म्हणून मीठ घालतात. साधं मीठ, भाजीतलं. उरला वास. वासाचे पैसे द्यायचे असतील तर द्या, पण केसांच्या नावावर देऊ नका."

एवढ्यावर थांबले असते तर ते आमच्यासारखेच मतं असलेले गृहस्थ ठरले असते. पण त्यांना पुरावा हवा होता, आणि पुराव्यासाठी डोकी हवी होती. स्वतःचं डोकं या कामाला निकामी, म्हणून ते दुसऱ्यांची डोकी हेरत फिरायचे. माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूला अ आणि उजव्या बाजूला ब लावून त्यांनी मला सोमवारी ऑफिसात पाठवलं होतं. आमचे सेक्शन ऑफिसर दिवसभर माझ्याकडे डोकं वाकडं करून बघत होते. संध्याकाळी गजभियेसाहेब दारातच उभे. "कोणी काही म्हणालं का? डावीकडे की उजवीकडे?"

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या गेस्ट हाऊसच्या कँटीनमध्ये आम्ही कधीमधी मराठी जेवायला जायचो. तिथे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपली मुलं असायची, बीड, लातूर, यवतमाळकडची. गजभियेसाहेब त्यातला दाट केसांचा उमेदवार निवडायचे, शेजारी बसायचे आणि गंभीरपणे विचारायचे, "आठवड्यातून किती वेळा न्हाता?" एक परभणीचा मुलगा बिचारा ताठ उठून उभा राहिला. त्याला वाटलं, मुलाखतीत असंच काही अनपेक्षित विचारतात आणि हे तिथलेच कोणी असावेत. त्याने फार मुद्देसूद उत्तर दिलं. जाताना बाटली आणि छापील तक्ता घेऊन गेला.

आमच्या घरातही त्यांनी एकदा भूकंप केला. माझी बायको मालती काचेआडच्या एका बाटलीवर जीव टाकून होती. दिवाळीला एक आणायची आणि पुढच्या दिवाळीपर्यंत थेंब थेंब वापरायची. गजभियेसाहेबांनी तिला दोन बाटल्या दिल्या. पंधरा दिवसांनी तिने सांगितलं की एक अगदी भिकार आहे आणि दुसरा नक्की परदेशी, हात लावला तरी कळतं. त्यांनी कपाटातून कागद काढला आणि आमच्यासमोर वाचला. भिकार होता तो तिचा लाडका. परदेशी होता तो रुपयाच्या पुडीतला. मालती महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही, आणि माझ्याशी का बोलली नाही ते मला अजून कळलेलं नाही.

पण खरी कहाणी प्रज्ञाची. प्रज्ञा त्यांची एकुलती एक मुलगी. गजभिये वहिनी भंडाऱ्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांच्या घराण्यात नोकरी लागलेली ती पहिली बाई. अशी नोकरी नवऱ्याची बदली झाली म्हणून कोणी सोडत नाही, आणि सोडावी असं गजभियेसाहेबांनीही कधी म्हटलं नाही. वहिनी दिवाळीत आणि मे महिन्यात यायच्या. दिल्लीत शाळा चांगल्या म्हणून प्रज्ञा वडिलांकडे. सहा वर्षांची होती तेव्हापासून डबा, गणवेश, दोन वेण्या, सगळं तेच करायचे. केस तिचे कमरेपर्यंत. ते कसे धुवायचे हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते रसायनशास्त्राच्या बाजूने शिकून घेतलं. शांपूचं सगळं प्रकरण तिथे सुरू झालं.

मुलगी मोठी झाली तशी न्हाणीघराला आतून कडी लागली. ते बरोबरच होतं. मग गजभियेसाहेबांनी तिच्यासाठी रविवारचा तक्ता काढला. अ, ब, क या तीन बाटल्या आळीपाळीने वापरायच्या आणि दर रविवारी केस वाळल्यावर बाबांसमोर बसून तक्ता भरायचा. चमक, मऊपणा, वास, गुंता. प्रज्ञाचं मराठी दिल्लीत वाढलेल्या मुलांसारखंच.

"बाबा, गुंता म्हणजे?"

"केस एकमेकांत अडकतात तो."

"अच्छा, टँगल. तो तो बहुत है, यार. क वाला बिल्कुल बेकार."

"वडिलांना यार म्हणत नाहीत. क ला किती गुण?"

दारं उघडी असायची, त्यामुळे हे संवाद आम्हाला वरती ऐकू यायचे. गुण देता देता ती शाळेतलं सांगायची, मैत्रिणींची भांडणं सांगायची, आणि गजभियेसाहेब लिहायचं थांबवून ऐकत बसायचे. अर्धा-पाऊण तास चालायचं. पुढे कॉलेजातही चाललं. मी एकदा चेष्टेत म्हटलं, "साहेब, सरकारी चौकशी आयोगसुद्धा एवढा लांबत नाही. निकाल कधी?" ते म्हणाले, "निष्कर्ष निघत नाहीये जी. आणखी एक महिना बघू."

मग प्रज्ञाला गुडगावला नोकरी लागली. काचेची इमारत, परदेशी बँकेचं काम, गळ्यात ओळखपत्र. तीन मुलींबरोबर तिने तिकडेच फ्लॅट घेतला, भाड्याचा. रविवारी घरी यायची, तक्ता द्यायची, भरलेल्या बाटल्या घेऊन जायची. पाच-सहा महिने असं गेलं. एका रविवारी मी त्यांची शिडी परत करायला गेलो होतो, तेव्हा टेबलावर तीन बाटल्या होत्या आणि दोघंही उभी होती.

"नको मला हे, बाबा," प्रज्ञा म्हणत होती. "तिकडे बाथरूममध्ये सगळ्यांच्या बाटल्या शेल्फवर असतात. नेहाची असते, सिमरनची असते. माझ्या बाटलीवर नुसता क. कोणी आलं की विचारतं, ये क्या है, कोई दवाई है?"

"मग सांग ना काय आहे ते. आत काय आहे ते महत्त्वाचं, प्रज्ञा."

"आतलं कोण बघतं? तुमच्या लॅबमध्ये बघत असतील." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मला माहीत आहे बाबा, सगळे शांपू सेम असतात. मी लहानपणापासून ऐकतेय. मला आतलं नकोच आहे. मला नाव हवंय. तुम्हाला नाव झाकलेलं आवडतं. मला नाही आवडत. आडनावापासून बाकी सगळं झाकून झालं माझं. निदान शेल्फवर तरी एक चांगलं नाव असू दे."

मी शिडी धरून दारात उभा होतो. जावं की राहावं कळेना. गजभियेसाहेबांनी तिन्ही बाटल्यांची झाकणं घट्ट केली, आधीच घट्ट होती तरी, आणि म्हणाले, "बरं." मग तिला विचारलं, जेवून जाशील ना. ती जेवून गेली. जाताना त्यांच्या गळ्यातही पडली, हे मी पाहिलं. मुलगी वाईट नव्हती. पण तिने नेमका तक्ताच मोडला होता, आणि त्या माणसाचा सगळा आठवडा त्या तक्त्यासाठी जगलेला असायचा, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढे रविवार विरळ होत गेले. महिन्यातून दोनदा, मग एकदा. मग तिची बदली बंगलोरला झाली. तिथून ती रविवारी संध्याकाळी फोन करायची. गजभियेसाहेब दुपारपासूनच फोनजवळ खुर्ची ओढून बसायचे. बोलणं पाच मिनिटांचं. बाबा, जेवलात का? हो. तू? हो. औषध घेताय ना? घेतोय. तक्ता समोर असताना जे बोलणं अर्धा तास चालायचं, ते नुसतं बोलायचं म्हटलं की दोघांनाही जमायचं नाही.

ते निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडून गाझियाबादला गेले. कर्मचाऱ्यांच्या सोसायटीत त्यांनी कधीकाळी फ्लॅट नोंदवला होता. तो नव्या वस्तीत एकदाचा उभा राहिला होता. वहिनींच्या नोकरीची अजून चार वर्षं शिल्लक होती. मी जाईन जाईन म्हणत वर्षभर गेलो नाही. दिल्लीत माणसांना एकमेकांकडे न जाण्याचं कारण शोधावं लागत नाही, अंतर पुरेसं असतं.

शेवटी गेलो तो हात मोडल्यावर. स्कूटर घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. मालती आमच्या मुलीच्या बाळंतपणाला नाशिकला गेलेली. घरात एकट्याने डाव्या हाताने किती दिवस चहा करणार, म्हणून एका रविवारी दोन बस बदलून गाझियाबाद गाठलं. गजभियेसाहेब वाळले होते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, हाताची चौकशी केली आणि मग माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"किती दिवस झाले धुऊन?"

"तीन आठवडे. एका हाताने जमत नाही."

"उठा," ते म्हणाले.

मी नको नको म्हणत होतो, पण त्यांनी तोवर हीटर लावला होता. इथलं पाणी जड, फेस धरत नाही, म्हणून शेवटच्या धुण्यासाठी उकळून निवलेल्या पाण्याची वेगळी बादली भरून ठेवलेली होती. कोणासाठी भरून ठेवत होते कोण जाणे. न्हाणीघरात मला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं आणि प्लास्टरला पिशवी बांधली. कठड्यावर आता तीनच बाटल्या होत्या. अ, ब, क.

"कुठली लावताय?" मी चेष्टेने विचारलं. "महाग की स्वस्त?"

"कुठलीही," ते पाण्यात मनगट बुडवून बघत म्हणाले. "तिन्हीत एकच आहे."

"कधीपासून?"

"प्रज्ञा दहावीत होती तेव्हापासून."

मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ते तांब्याने हळूहळू पाणी मिसळत होते.

"तिला फरक कळत नाही, हे मला पहिल्याच वर्षी समजलं होतं," ते म्हणाले. "पण नमुन्याचा निकाल लागला की फाइल बंद होते, उरलेला माल फेकून देतात. मग रविवारी ती माझ्यासमोर कशाला बसली असती? तिन्हीत एकच घालत गेलो. दर रविवारी तिला फरक सापडायचा. कधी अ चांगला, कधी क भिकार. मी म्हणायचो, निष्कर्ष निघत नाही."

"आणि तो एक कुठला? पुडीतला?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "नाही जी. वरच्या फळीवरचा. काचेआडचा."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. ज्या माणसाने माझ्या बायकोला तिच्याच घरात खोटं पाडलं, ज्याने अर्ध्या कॉलनीला पुडी वापरायला लावली, तो इतकी वर्षं गुपचूप सगळ्यात महाग बाटली आणून तिचं नाव झाकत होता.

"पण साहेब, फरक नसतो ना?"

"नसतोच. मी सही करून लिहून देईन." त्यांनी मिसळलेल्या पाण्याची बादली जवळ ओढली. "पण समजा असला तर? मला सापडला नाही असं असेल. माझ्या पोरीच्या डोक्यावर कशाला धोका पत्करायचा?"

"अहो, मग तिला सांगा ना. ती ज्या नावासाठी भांडली तेच तिच्या बाटलीत होतं, हे तिला कळू तरी द्या."

"काय सांगू? की सहा-सात वर्षं बाप खोटा तक्ता भरून घेत होता?" ते म्हणाले. "तिला नाव हवं होतं. नाव मी काढून फेकलं. आत काय घातलं होतं त्याने आता काही फरक पडत नाही." मग त्याच सुरात म्हणाले, "मान मागे करा."

मी मान मागे केली. एक तळवा माझ्या कपाळावर आडवा आला, भुवयांच्या जरा वर, घट्ट, साबण डोळ्यांत उतरू नये म्हणून. दुसऱ्या हाताने ते पाणी घालत होते. कानाजवळ आले तसा त्यांनी अंगठ्याने माझा कान पुढे दुमडून धरला, म्हणजे पाणी आत जात नाही. माझं वय तेव्हा सत्तावन्न. माझी आई गेल्यापासून कोणी माझा कान असा धरला नव्हता. बोटं सावकाश फिरत होती, मुळाशी गुंता असेल तर तो न ओढता सोडवत होती. माझ्या केसांत गुंता होण्याइतकी लांबी नव्हती, पण बोटांना ते माहीत नव्हतं.

"डोळे मीट," ते म्हणाले. "झालंच आता."

मला अरे-तुरे करतायत हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी डोळे मिटले.

"हं," पाणी ओतता ओतता ते म्हणाले, "आणि मग? आठवड्यात काय काय झालं?"

माझ्याकडे सांगण्यासारखं काय असणार? तरी मी सांगायला लागलो. ऑफिसातल्या नव्या साहेबांचं सांगितलं, कँटीनवाल्याशी झालेलं भांडण सांगितलं, स्कूटर कुठल्या वळणावर घसरली ते सांगितलं, मालती फोनवर काय म्हणाली ते सांगितलं. ते मध्ये मध्ये "मग?" म्हणत होते. साबण केव्हाच निघून गेला होता, हे मला समजत होतं आणि त्यांनाही समजत असणार. पण ते पाणी घालत राहिले आणि मी बादली संपेपर्यंत सांगत राहिलो.